हवा काढली, ओल राहिली

मागच्या अंकात पापडाच्या लेखाच्या शेपटाला मी घरच्या व्हॅक्यूम सीलरबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. मशिन पिशवीतली हवा ओढून घेतं, तोंड चिकटवतं आणि आतला जिन्नस जास्त दिवस राहतो, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की पापड बिचारे बाजूलाच राहिले. पत्रं वाचताना लक्षात आलं, बऱ्याच जणींनी या मशिनला फ्रिजचा धाकटा भाऊ समजलंय. चार वर्षांपूर्वी मीही तसंच समजले होते. त्यापायी एक अख्खं फडताळ तीनदा धुवावं लागलं, ते पुढं येईलच.

प्रश्न : काकू, मुलगी बंगळुरूला नोकरीला आहे. तिला कडक भाकरी पाठवायची म्हणून मुद्दाम मशिन घेतलं. पहिल्याच पिशवीत भाकऱ्यांचा चुरा झाला. मशिन खराब निघालं का? (जुळे सोलापूर)

मशिन खराब नाही, उलट फारच चांगलं आहे. तेच तर दुखणं आहे.

आपल्या अंगावर हवेचा दाब सतत असतो, दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. आतूनही तेवढाच असतो म्हणून कळत नाही. घरचं मशिन पिशवीतला निम्म्याहून जास्त दाब काढून घेतं, मग बाहेरची हवा पिशवीवर बसते. तळहाताएवढी जागा १०० चौरस सेंटिमीटरची धरली तर तेवढ्यावरच साठ-सत्तर किलो वजन आलं. म्हणजे तुमच्या भाकरीवर एक धडधाकट माणूस उभा राहिला. पापडासारखी पातळ, ताटाएवढी भाकरी, ती काय करणार?

माझ्याही पहिल्या वीस भाकऱ्या अशाच गेल्या. पुण्याच्या भाच्याला पार्सल मिळालं आणि त्याचा फोन आला, "मावशी, ही भाकरी हाय का भरडा ओ?" आमच्या ह्यांचं म्हणणं, कडक भाकरी तशीही आमटीत कुस्करूनच खायची असते, तू त्याचे कष्ट वाचवलेस.

आता उपाय. कडक भाकरीला हवेचं भय नाही, ओलीचं आहे. तिच्यात तेल अगदी थोडं, ती लवकर खवट होत नाही. एप्रिलमध्ये सोलापुरात ती उघड्या दुरडीत ठेवली तरी कटकट वाजते आणि जुलैत झाकलेल्या डब्यातसुद्धा सादळते. म्हणजे तिला लागतं ते घट्ट बंद तोंड, हवा ओढणं नव्हे. तुमच्या मशिनवर नुसतं सील करायचं वेगळं बटण असेल, ते वापरा. जाड पिशवी घ्या, भाकऱ्या पूर्ण गार होऊ द्या (कोमट असताना भरल्या की आत वाफ धरते आणि सगळं मुसळ केरात), हातानं हलकेच दाबून जमेल तेवढी हवा काढा आणि तोंड चिकटवा. सोबत सिलिका जेलची खाण्याच्या मालासाठीची पुडी टाकली तर पावसाळ्यातही चिंता नाही. दुकानात तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या पुड्या मिळतात, लोखंडाच्या भुकटीच्या. त्या ऑक्सिजन शोषतात, ओल नाही. त्या इथं कामाच्या नाहीत. मग पिशवी पत्र्याच्या डब्यात उभी ठेवून डबा पार्सल करा.

आणि हो, निव्वळ कडक भाकरीसाठीच मशिन घ्यायचा विचार असणाऱ्या बाकीच्या वाचकांनी थांबावं. दुकानदाराकडं पाकिटं चिकटवायचं साधं हातमशिन असतं, तेवढं पुरे.

प्रश्न : शेंगा चटणी सील करताना तेलकट चटणी पिशवीच्या तोंडाला लागते आणि सील सुटतं. शिवाय अशी चटणी किती महिने टिकेल? (नवी पेठ)

आधी तोंडाचं बघू. पिशवी भरायच्या आधी तिचं तोंड बाहेरच्या बाजूला चार बोटं दुमडा, सदऱ्याच्या बाहीसारखं. आता चटणी भरा. भरून झाल्यावर दुमड उलटी केली की सील व्हायची जागा कोरी ठणठणीत. तरीही हवा ओढताना भुकटी वर येतेच, म्हणून चटणीच्या वर कागदी रुमालाची एक घडी ठेवा. माझी आणखी एक खोड आहे. उखळात कुटलेली, तेल सुटलेली चटणी वाटीनं दाबून तिची वडी करते, तासभर फ्रीजरमध्ये ठेवते आणि मग सील करते. घट्ट झालेलं तेल वर चढत नाही. सीलच्या एका रेघेवर विश्वास ठेवू नका, बोटभर अंतरावर दुसरी रेघ मारा.

आता टिकण्याचं. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. तेलाला ऑक्सिजन मिळाला की ते खवट होतं आणि ऊन, उजेड, उष्णता ते काम भराभर उरकतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर असेल तर बोलायलाच नको. इथं हे मशिन खरोखर पैसे वसूल करतं. माझ्या घरी उन्हाळ्यात डब्यातली चटणी महिन्याभरात वास धरायची, तीच सील केलेली तीन महिन्यांनी फोडली तर कालच कुटल्यासारखी होती. खोबरं, तीळ, जवस, कारळं या सगळ्या तेलकट मंडळींना हाच न्याय. काळं तिखट आणि येसर यांनाही. त्यांचा वासच तर जपायचा असतो.

पण दोन गोष्टींवर मी हट्टी आहे. पहिली लसणाची. आपल्या चटणीत लसूण कच्चा कुटतात. लसूण कोरडा दिसतो, पण निम्म्याहून जास्त पाणीच असतं त्यात. आठवड्यात संपवायची चटणी असेल तर काही बिघडत नाही. सील करून ठेवायची असेल तर मी लसणाचे काप कडकडीत उन्हात वाळवते, मोडल्यावर काडीसारखे तुटले पाहिजेत, आणि मग कुटते. चव थोडी बदलते, खोटं कशाला सांगू. ज्यांना कच्च्या लसणाशिवाय चटणी गोड लागत नाही त्यांनी पाकीट फ्रिजमध्ये ठेवावं आणि लवकर संपवावं. दुसरी गोष्ट दाण्यांची. काळपट, सुरकुतलेले, कुबट वासाचे दाणे निवडून फेका. त्यावरच्या बुरशीनं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते भाजण्यानं पुरतं जात नाही. हवा काढून तर मुळीच नाही.

प्रश्न : हिरव्या मिरचीचा ठेचा लसूण आणि भरपूर तेल घालून केला. सील करून फडताळात ठेवला. दहा दिवसांनी पिशवी फुग्यासारखी झाली. वास चांगला होता म्हणून बोटभर चाखला. काही होईल का? (बाळे)

हे पत्र वाचलं त्याच दिवशी संपादकांकडून तुमचा नंबर घेऊन फोन केला होता, तुम्ही ठणठणीत होतात. तरी उत्तर सगळ्यांसाठी लिहिते, कारण या एका पत्रासाठी मी बाकीची सगळी मागं ठेवली असती.

मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू असतो. सगळीकडं असतो, सोलापूरच्या काळ्या मातीत काय आणि कोकणच्या लाल मातीत काय. लसूण, कांदा, बटाटा मातीतून येतात, त्यांच्यासोबत त्याची बीजंही घरात येतात. एरवी तो काही करत नाही, कारण हवेतला ऑक्सिजन त्याचा वैरी. आता बघा आपण काय करतो. ओलसर लसूण घेतो, वरून तेल ओततो, राहिलेली हवा मशिननं काढतो आणि उबदार फडताळात ठेवतो. त्याला जे जे हवं ते सगळं ताटात वाढून दिलं. आंबटपणा मात्र दिला नाही, तो त्याला सोसत नाही. तिथं तो जे विष तयार करतो ते जगातल्या जहाल विषांपैकी एक आहे. त्याला वास नाही, चव नाही. म्हणून "वास चांगला होता" याला काही अर्थ नाही. पिशवी फुगली हा इशारा खरा, पण न फुगलेली पिशवी निर्धोक असते असंही नाही.

"उकळून घेतलं तर?" असं फोनवर तुम्ही विचारलंत. त्याची बीजं साध्या उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत, कारखान्यात डबाबंद माल त्यासाठीच दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवतात. विष स्वतः उकळल्यानं मोडतं, पण त्या भरवशावर फुगलेली पिशवी वाचवायला जाऊ नका. न उघडता आणखी एका पिशवीत बांधून टाकून द्या. गायी-कुत्र्यांपुढं टाकू नका. आणि असं काही खाल्ल्यावर दोन-दोन दिसायला लागलं, पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, जीभ अडखळली, गिळता येईना, तर घरगुती काढा करत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा आणि काय खाल्लं ते सांगा. बहुतेक वेळा दीड दिवसात कळतं, कधी कधी बरेच दिवस लागतात.

आता माझं फडताळ. मशिन आलं त्या वर्षी लसूण स्वस्त होता. दोन किलो सोलला, चार पिशव्या केल्या, ऐटीत वरच्या कप्प्यात ठेवल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, जाळीच्या पिशवीत टांगायचा सोडून कोंडतीस कशाला?" मी हसले. तीन आठवड्यांनी त्यातली एक फुटून वरच्या कप्प्यापासून खालच्या रेशनकार्डापर्यंत ओघळ आला. वासाचं वर्णन करत नाही, मासिक जेवतानाही वाचलं जातं. तेव्हा या जंतूचं नावही मला ठाऊक नव्हतं. धाकटी जाऊ पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तिनं मला खुर्चीवर बसवून समजावलं.

तिनं सांगितलेलंच सांगते. हवा काढल्यानं बुरशी आणि खवटपणा मागं हटतो. जंतू मरत नाहीत आणि ओल कुठंच जात नाही. जिन्नस मोडल्यावर कट्ट वाजत असेल, बोटाला कोरडी भुकटी लागत असेल, तर सील करून फडताळात ठेवा. वाकत असेल, चिकटत असेल, दाबल्यावर पाणी सुटत असेल, तर सील केलेलं असो वा नसो, जागा फ्रिजमध्ये किंवा फ्रीजरमध्ये. फ्रिज चार अंशांच्या आत, फ्रीजर उणे अठरा. पुरणपोळी, उकडलेले बटाटे, मोदकाचं सारण, पनीर ही सगळी दुसऱ्या रांगेतली. पुरणपोळीबद्दल सहा पत्रं आहेत, सगळ्यांना हेच उत्तर : फ्रीजर.

प्रश्न : आमच्या रानात हुरडा असतो. जानेवारीत पाहुणे येऊन खाऊन जातात, पण उन्हाळ्यात नातवंडं येतात तेव्हा काही उरत नाही. हुरडा सील करून ठेवता येईल का? (मंगळवेढा तालुका)

दादा, तुमच्या पत्रासोबत हुरड्याची पिशवी आली असती तर उत्तर आणखी लांब लिहिलं असतं.

ठेवता येतो, पण नुसता सील करून नव्हे. हुरडा म्हणजे दुधाळ, कोवळा दाणा. कणीस मोडल्या घटकेपासून त्यातली गोडी घटत जाते, साखरेचं पिठूळ होत जातं. म्हणून जे करायचं ते त्याच दिवशी, आगटी विझायच्या आत. कणसं नेहमीसारखी भाजा, जरा हात राखून. चोळून, पाखडून दाणे काढा. सुती कापडावर पसरून पूर्ण गार करा, वर पाण्याचा अंश राहू देऊ नका. मग ताटात एकेरी थर करून रात्रभर फ्रीजरमध्ये. सकाळी दाणे मण्यांसारखे सुटे आणि टणक होतात, तेव्हा पिशवीत भरून हवा काढा आणि लगेच परत फ्रीजरमध्ये. गोठवण्याआधी मशिनला लावलात तर त्याचा लगदा होईल आणि दाण्यातलं दूध मशिनच्या पोटात जाईल.

गोठवायचंच आहे तर हवा कशाला काढायची? कारण फ्रीजरमधली कोरडी थंडी हळूहळू जिन्नसातलं पाणी ओढते, पांढरे कोरडे डाग पडतात आणि चव पुठ्ठ्यासारखी होते. पिशवी अंगाला चिकटलेली असली की ते टळतं. गेल्या दोन वर्षांपासून मी दर हंगामात असा ठेवतेय. अक्षय तृतीयेला काढून तव्यावर कोरडाच परतला, शेंगा चटणी आणि दही घेतलं. आगटीचा धूर नाही, खळ्यातली थंडी नाही, तरी पोरांनी ताटल्या चाटल्या.

एक सांगू का, मंगळवेढ्याची ज्वारी भौगोलिक मानांकन मिळवून बसलीय ती मालदांडीच्या भाकरीसाठी. मालदांडीचाही हुरडा खातात, पण फ्रीजरमध्ये जागा अडवायचीच तर गूळभेंडी किंवा सुरती या हुरड्याच्या वाणांचा ठेवा. तुमच्या बांधाला दोन ओळी असतीलच. विजेचा लपंडाव असेल तर फ्रीजर ठासून भरलेला ठेवा आणि वीज गेल्यावर दार उघडू नका. भरलेला फ्रीजर अर्ध्या रिकाम्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ थंडी धरतो.

प्रश्न : ज्वारी-बाजरीचं पीठ आणि रवा सील केला तर सोंडे होणार नाहीत ना? (विजापूर वेस)

रव्याला आधी चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, अंडी-अळ्या मरतात. मग बाहेर काढून पाकीट न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव धरेल. नंतर सील. त्यानं काम होतं.

पिठाचं वेगळं. बाजरीच्या पिठाचा कडवटपणा नुसत्या हवेमुळं येत नाही. दळताना दाण्यातला अंकुराचा भाग चिरडतो, त्यातलं तेल आणि ते तेल फोडणारा पाचक रस एकत्र येतात. हे काम पिशवीच्या आतही चालू राहतं, फक्त जरा सावकाश. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापताना चिरा पडतात, ती विरी कोणतंही मशिन परत आणत नाही. धान्य ठेवा, पीठ आठवड्याचं दळा. गिरणी कोपऱ्यावर असताना कसला हा उद्योग!

प्रश्न : इडली-डोशाचं आंबलेलं पीठ सील करता येतं का? (अशोक चौक)

नको. ते आत आंबत राहतं, वायू करतं आणि पिशवी फुगवतं. तुमच्या भागात कोपऱ्या-कोपऱ्यावर ताजं पीठ मिळतं, मला हेवा वाटतो.

प्रश्न : लक्ष्मी मंडईत थंडीत फ्लॉवर, मटार स्वस्त असतो. सील केलेला फ्लॉवर फ्रिजमध्ये फुगला. (मुरारजी पेठ)

फ्लॉवर, कोबी, ब्रोकोली कच्चे असताना वायू सोडतात, फुगणारच. उकळत्या पाण्यात तुरे तीन मिनिटं, मटार दीड-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कापडावर कोरडे, ताटात गोठवून मगच सील, आणि जागा फ्रीजरमध्येच. डाळिंबाचे दाणे उकळायचे नाहीत, पण ताटात आधी गोठवायचे. सांगोल्याहून पेटी आली की मी हेच करते. पहिल्या वेळी न गोठवता सील केले तेव्हा मशिन रक्तबंबाळ दिसत होतं.

प्रश्न : उजनीची चिलापी आणि मटण सील करून ठेवतो. काही काळजी? (मोहोळ)

मटणाच्या पिशवीत हाडाचं टोक आलं की बारीक भोक पडतं आणि हवा आत शिरते, म्हणून टोकावर जाड कागदाची घडी ठेवा. लवंग, दालचिनी, मिरच्यांचे देठ हेही असेच टोचरे. आणि कच्च्या मटणाची पिशवी धुऊन पुन्हा वापरू नका. मला माहीत आहे, पिशवी १५ रुपयांना पडते, जीव तुटतो. तरी नको.

चिलापीचं मात्र नीट लक्षात ठेवा. गोठवलेला मासा वितळवायला काढताना पिशवी आधी फोडा, मासा झाकणाच्या भांड्यात घ्या आणि फ्रिजमध्येच वितळू द्या. मघाशी सांगितलेल्या जंतूचा एक भाऊबंद माशांवर असतो आणि त्याला फ्रिजची थंडीही चालते, हवा नसली की झालं. पिशवी फोडली की त्याचं बस्तान उठतं.

प्रश्न : सहा महिन्यांत मशिननं हवा ओढणं बंद केलं. दुकानदार म्हणतो, तुम्हाला वापरता येत नाही. (सात रस्ता)

दुकानदाराच्या तोंडाला लागण्याआधी तीन गोष्टी बघा. पिशव्या कोणत्या? घरच्या मशिनला एका बाजूनं खडबडीत, रेघारेघांच्या पिशव्या लागतात. त्या रेघांमधूनच हवा बाहेर निघते. दोन्हीकडून गुळगुळीत पिशवी आतल्या आत चिकटते आणि हवा अडकते. स्वस्त मिळाल्या म्हणून मीही शंभराचा गठ्ठा आणला होता, आता त्यात चपला भरते.

दुसरं, झाकणातली काळी स्पंजची पट्टी. तिच्यावर एक जिरं जरी बसलं तरी हवा गळते. आमचे हे तीस वर्षं टॉवेलच्या यंत्रमागांवर फिटर होते. आमचं मशिन रुसलं तेव्हा त्यांनी वायर सोडवून, पट्टी हलकेच काढून साध्या पाण्यानं धुतली आणि सावलीत वाळवून उलटी बसवली. एवढ्यावर ते चालू झालं. वर मला ऐकवलं, की मागावरची धूळ रोज पुसायची असते, तू वर्षातनं एकदा पुसतेस. तिसरं, काम झाल्यावर झाकण लॉक करून ठेवता का? तसं ठेवलं की पट्टी दबून चपटी होते. झाकण सैल ठेवा. आणि एकामागून एक वीस पिशव्या मारू नका, दोन पिशव्यांमध्ये अर्धा-एक मिनिट सील करणाऱ्या तापत्या पट्टीला गार होऊ द्या.

प्रश्न : आम्ही बचत गटाच्या बायका चटणी विकतो. सील केल्यावर पाकिटावर "सहा महिने टिकते" असं छापू का? (अक्कलकोट रोड)

मशिन आहे म्हणून सहा महिने छापू नका. तुमचीच पाकिटं तुमच्याच उन्हाळ्यात ठेवा, दर पंधरा दिवसांनी एक फोडा आणि प्रयोगशाळेतून तपासून घ्या, मग आकडा टाका. विकायचं म्हटलं की एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आलीच, पाकिटावर तिचा क्रमांक, जिन्नस, वजन, तारीख हवी. शेंगदाणे आहेत हे ठळक लिहा, काहींना ते बाधतात.

प्रश्न : मुलगा पुण्याला होस्टेलवर चाललाय. खोलीत फ्रिज नाही. हुतात्म्यानं रविवारी जाईल. महिन्याभराचं काय काय सील करून देऊ? (होटगी रोड)

नुसतं "हुतात्मा" लिहिलंय तुम्ही, मला फार आवडलं. आमच्या घरीही कुणी हुतात्मा एक्स्प्रेस असं पुरतं म्हणत नाही.

शेंगा चटणी, वाळवलेल्या लसणाची. पाव-पाव किलोच्या चार पिशव्या करा, एक किलोची एक नको. मोठी पिशवी फोडली की पहिल्याच दिवशी हवा शिरते, मग सील करून काय मिळवलं? पोरं चटणी उघडी टाकून मॅच बघायला जातात. काळ्या तिखटाची लहान पिशवी. भाजलेले दाणे. खारवलेले फुटाणे. शेंगापोळी खरपूस, पूर्ण कोरडी भाजलेली असेल तर ती आठ-दहा दिवसांपुरतीच, पुढची पुढच्या फेरीला. कडक भाकरी डब्यात, हवा न काढता. लोणचं बरणीतच द्या. मीठ, तेल आणि आंबटपणा त्याला सांभाळतात, मशिनला लावलं तर तेल वर चढून सील बिघडेल. धपाटे पहिल्या दोन दिवसांचे, साध्या फडक्यात. ते सील करण्याच्या मोहात पडू नका, ते मऊ असतात आणि मऊ जिन्नसाची रांग कोणती ते वर सांगितलंय.

प्रत्येक पिशवीवर मार्करनं तारीख घाला. आणि बॅगेत एक कात्री टाका. या पिशव्या हातानं फाटत नाहीत. भाच्यानं काळ्या तिखटाची पिशवी दातानं फोडली होती. नंतर तासभर तो फोनवर नुसता "हा… हा…" करत होता आणि मी इकडं विचारत होते, "चांगलं झालंय का रे?"